सुखदेवभाऊंचे तळपाय

कुठलंही इंजिन तपासायला आले की सुखदेवभाऊ आधी चपला काढत. हत्यारांची पिशवी बाजूला ठेवायची आणि चालू इंजिनाशेजारी अनवाणी उभं राहायचं. डोळे उघडे, नजर मात्र दूर कुठेतरी. पहिल्यांदा मला वाटलं, देवळात आल्यासारखं करतायत. विचारलं तर म्हणाले, "आवाज कानाले समजते ताई, पण थो कुठून येऊन राहिला हे पायालेच समजते. कान लबाड असते."

ते कळमेश्वरचे. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. शिडाची नौका त्यांनी जवळून पाहिली ती आमच्या दादाचीच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बँकेतून निवृत्त झालेला, दोन्ही गुडघे बदललेला. वहिनी गेल्या आणि तो एका खुर्चीत बसला तो बसलाच. वर्षभरानं त्याच्या एका मित्रानं नागपूर सोडताना आपली जुनी नौका त्याच्या गळ्यात मारली. नागपूरपासून तासाभरावरच्या जलाशयात ती उभी असे. दादा शिडं उभारायला शिकला, पोटभर जेवू लागला, माझ्याशी पूर्वीसारखा भांडू लागला. तेव्हा मला कळलं की माझा भाऊ परत आला आहे.

संध्याकाळी जलाशयावरचा वारा पडतो. मग काठाला परतायला नौकेच्या पोटातलं लहानसं डिझेल इंजिनच कामाला येतं. तेच इंजिन इतकं थरथरू लागलं की फळीवरचे डबे खाली पडत. दोन मिस्त्री येऊन गेले. दोघांचं एकच मत, इंजिन संपलं, नवं बसवा. दादा म्हणाला, "विकून टाकतो. एक गिऱ्हाईक आहे." नौका विकली की तो पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, हे मला दिसत होतं. अशा वेळी ओळखीच्या एका बागायतदारानं सुखदेवभाऊंचं नाव सुचवलं.

ते आले, चपला काढून उभे राहिले. इंजिन आधी नुसतं चालवलं, मग गिअरमध्ये टाकून. दोन्ही सिलिंडरचं डिझेल पाळीपाळीनं बंद करून पाहिलं. दोन्ही सारखीच जोरकस होती. मग इंजिन बंद करून त्याच्या चारही पायांखाली लोखंडी टॉमी, म्हणजे लहान पहार, घालून एकेक पाय उचलला. डावीकडचा मागचा पाय सहज वर आला आणि खाडकन खाली बसला. त्याच्या वरच्या फिल्टरमधून डिझेल ठिबकत होतं. पायाखालचं रबर ओल्या गुळासारखं झालं होतं.

"कोन म्हणे इंजिन गेलं? इंजिन तरणं आहे, दादासाहेब. फाउंडेशनचं रबर म्हातारं झालं. तुमचे गुडघे बदलले ना? मंग तुमाले कोनी भंगारात काढलं का?"

दादा कितीतरी दिवसांनी खळखळून हसला.

नवी रबरं आली. नौका काठावर ओढून ट्रॉलीवर चढवली होती. सुखदेवभाऊंनी फिल्टरची गळती थांबवली, चारही पाय बदलले. मग इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथे जोडतात त्या फटीत बारीक पोलादी पट्ट्या घालून, ती मोजत त्यांनी दोन्ही एका रेषेत आणले आणि नट आवळले.

मी तीस वर्षं ग्रंथपाल होते. इंजिनासोबत आलेलं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं होतं. ही जुळणी नौका पाण्यात उतरल्यावरच पक्की करावी, कारण पाण्यावर तळाचा आकार किंचित बदलतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते पान उघडलं आणि मिटलं. इतक्या जाणत्या माणसाला आपण काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी नौका पाण्यात उतरली. इंजिन शांत चाललं. दादानं गिअर टाकला आणि सगळी नौका थरथरू लागली, आधीपेक्षा जास्त. त्यानं इंजिन बंद केलं. "झालं. सोमवारी गिऱ्हाइकाला फोन करतो," म्हणाला आणि काठावरच्या बाभळीखाली पाठमोरा जाऊन बसला. त्या खुर्चीत बसायचा तसाच, खांदे पाडून.

मी पुस्तक काढून सुखदेवभाऊंना ती ओळ वाचून दाखवली.

"हे कवा वाचलं तुम्ही?"

"परवा."

"मंग बोल्ल्या काहून नाही?"

"तुम्हाला माहीत असेलच, असं वाटलं."

ते हसले. "चाळीस वर्षं सिमेंटच्या चबुतऱ्यावर इंजिनं बसोली. चबुतरा वाकते का कधी? मले कसं माहीत राहीन? चूक माह्यी. पण अर्धी तुमची आहे वं ताई. वाचलेलं पोटात ठेवून का फायदा? बोलत जा ना."

घरच्या बाईला म्हणावं तसं 'वं' त्यांनी मला म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग ते बाभळीपाशी गेले. "दादासाहेब, चूक माह्या हातची आहे, इंजिनाची नाही. उद्याचा दिवस द्या."

नवी रबरं रात्रभर वजनाखाली बसू दिली. दुसऱ्या दिवशी नौका पाण्यातच ठेवून त्यांनी जोड मोकळा केला. मी पट्ट्यांवरचे आकडे वाचत होते, ते वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पट्टी घालून फट मोजत होते आणि नट पाव-पाव आटा फिरवत होते. दादानं टॉर्च धरला होता. अडीच तास गेले.

शेवटी इंजिन सुरू झालं, पण त्यांनी चपला काढल्या नाहीत. "आज तुम्ही सांगा, ताई."

मी अनवाणी उभी राहिले. दादानं गिअर टाकला. तळव्यांना एक बारीक, एकसारखी गुणगुण लागली, भिंतीपलीकडे कुणी शिलाई मशीन चालवत असावं तशी.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"जोरानं बोला. दादासाहेबाले ऐकू गेलं पाह्यजे."

"ठीक आहे!"

दादा त्या दिवशी एकटाच शिडं उभारून गेला. वारा पडल्यावर इंजिन लावून परतला. सोमवारी त्यानं कुणालाही फोन केला नाही.

सुखदेवभाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. ताप आला, छातीत उतरला आणि आठवड्यात सगळं संपलं. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या चपला दाराशी तशाच होत्या.

परवा उजवीकडच्या पुढच्या पायानं दगा दिला. ते मला तळव्यांनीच सांगितलं. नवे मिस्त्री आले, रबर बदललं आणि नौका ट्रॉलीवर असतानाच शेवटचे नट आवळायला बसले. त्यांचा हात सफाईदार होता, आणि क्षणभर माझी जीभ जुन्या सवयीनं अडली.

"थांबा," मी म्हणाले. "नौका पाण्यात उतरल्याशिवाय नट आवळायचे नाहीत."

लांब बाभळीखाली उभ्या असलेल्या दादालाही ऐकू गेलं. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.