झोपाळा धुणारं पाणी

माझ्या पोरीला झोपाळ्यावरून खाली उतरवलं आणि झोपाळ्यावर गंगाजल शिंपडलं. भर सकाळी, अख्ख्या गावासमोर.

बनारसबाहेरचं ते गाव. तिथली पडीक बाग सरकारी अनुदानातून नवी झाली होती. मी तिथे रोजंदारीवर माळीकाम करायची. खड्डे मी खणले, कडुलिंब मी लावले, झोपाळ्याचे खांब गाडताना माती मी चोपली. आजोबा रेल्वेच्या रुळांवर कामाला खानदेशातून इकडे आले, तेव्हापासून मराठी आमच्या घरापुरतीच. गावाला मी नुसती 'मराठिन'. जात कुणाला कळली नाही, मीही सांगितली नाही. भित्री होते मी.

उद्घाटनाच्या पूजेला प्रधानांनी, म्हणजे इथल्या सरपंचांनी, बनारसच्या ब्रह्मा घाटावरून एक मराठी गुरुजी आणले. पोर झोपाळ्यावर बसली होती. मी म्हटलं, "हळू गं, पडशील." गुरुजी वळले.

"मराठी का गं तू? कुणाची?"

परक्याच्या तोंडून घरची भाषा ऐकली आणि मी हरखले. वेडी! माहेरचं माणूसच भेटलं जणू. घडाघडा सगळं सांगून बसले. गाव, आजोबा, आडनाव.

आडनाव ऐकताच गुरुजी दोन पावलं मागे सरले. प्रधानांच्या कानाशी लागले.

"लइकी के उतार!" प्रधान ओरडले. "पहिले झूला शुद्ध होई!"

पोर रडत मला विचारत होती, "आई, मैंने क्या किया?"

गुरुजी पळीनं पाणी शिंपडत होते. ते पाणी पहाटे शिंदे घाटावर मीच भरलं होतं. कॅन सायकलला बांधून मीच आणला होता.

माझं डोकं फिरलं. "गुरुजी, हे पाणी मी आणलंय. आता ते कशानं धुणार?" मग तेच मी हिंदीत म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून.

मी पोरीला उचलून पुन्हा झोपाळ्यावर बसवलं.

त्याच दिवशी काम गेलं. दुसरं कुणी देईना. चूल पेटेना. नवरा म्हणाला, "माफी माग." पोटापुढे मी हरले, प्रधानांच्या घरी निघाले. पोरीचा हात धरून वाटेतल्या बागेच्या फाटकापर्यंत आले. तिथे सरकारी पाटी होती. पोरीनं अडखळत वाचली, "सभी ग्रामवासियों के लिए."

मग मला विचारलं, "आई, हम भी?"

मी फाटक ढकललं. माफी मागणार नाही. उपाशी राहीन, पण पोर रोज या झोपाळ्यावर बसेल. आणि आडनाव कुणी विचारायची वाट आता मी बघणार नाही. आधी मीच सांगेन.