टायरभाऊचा अंगठा

टायरभाऊ माणसाचं तोंड नंतर पाहायचा, आधी त्याच्या गाडीचे टायर. चामोर्शीच्या नाक्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. कुणी नमस्कार केला तरी हा आपला उकिडवा बसून टायरच्या बाजूवर अंगठा दाबत असायचा. दाबलं की जुन्या रबरात केसासारख्या चिरा उघडायच्या. टायर चांगला निघाला तर "ठीक हाये" एवढंच म्हणायचा. 'जा' हा शब्द मात्र मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही.

माझी जुनी व्हॅन वर्षभर घरामागे उभी असायची, निघायची ती मार्कंड्याच्या जत्रेला. त्यामुळे टायरांची नक्षी अगदी नव्यासारखी, आणि मला त्याचा कोण अभिमान! त्या वर्षी आई आणि शेजारच्या बाया, लेकरांना घेऊन निघालो आणि हवा भरायला त्याच्याकडे थांबलो.

"नक्षी काऊन दाखवून राह्यले, सर? टायर उभ्याउभ्यानंही म्हातारा होते," तो म्हणाला. टायरवरचे चार आकडे त्याने दाखवले. कितव्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते. टायर माझ्या नोकरीइतका जुना निघाला.

"जवळच तर जायचंय, भाऊ. जाऊन येतो."

चारही चाकांच्या व्हॉल्व्हमधल्या पिना काढून त्याने खिशात टाकल्या. सगळ्यांसमोर व्हॅन फुसफुसत खाली बसली. मी त्याला नको नको ते बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिळ्याला टांगलेल्या टायरच्या तुकड्याकडे बोट केलं. तो दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मी समजत होतो.

"माह्या भावाच्या गाडीचा हाये. नक्षी पाहून मीच त्याले म्हटलो, जा. सिरोंच्याच्या रस्त्यावर फुटला. भाऊ परत आला नाई."

आम्ही एसटीने गेलो. पुढच्या आठवड्यात त्यानेच व्हॅनला नवे टायर बसवले. त्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली, आणि तो वारला. ते अजून मला छळतं. उभी गाडी दिसली की माझा अंगठा आपोआप टायरवर जातो, आणि तो तुकडा डोळ्यांसमोर येतो.

यंदा लेक मैत्रिणींना घेऊन व्हॅनने जत्रेला निघाली. टायर तेच, त्याच्या हातचे, म्हणून इतक्या वर्षांत मी कधी दाबून पाहिले नव्हते. "बाबा, नक्षी पाहा ना, नवीच आहे!" मी उकिडवा बसलो, अंगठा दाबला. चिरा उघडल्या.

मी चारही पिना काढून खिशात टाकल्या. लेक मैत्रिणींसमोर मला नको नको ते बोलली. मी सगळं ऐकून घेतलं.