शेततळ्यातला मुद्देमाल

त्या दोराच्या चोरीची आठवण झाली की मी आजही एकटाच हसतो, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, "आता काय झालं?" निवृत्तीच्या थोडं आधी मी पारनेर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण गप्पा निघाल्या की आधी ही चोरीच ओठावर येते. अर्जावर नुसता दोर होता. खरं तर पणाला एका माणसाचा जीव लागला होता, आणि हे त्या गावात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं.

सकाळची हजेरी आटोपली होती. एवढ्यात गावातले पैलवान चार माणसं घेऊन दारात उभे. वय साठीचं, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र तालमीतला. गावाच्या रस्सीखेच संघाचे ते कप्तान.

"साहेब, आमचा दोर गेला."

दोर म्हणजे मनगटाएवढा जाड, संघानं वर्गणी काढून आणलेला, यात्रेच्या स्पर्धेत वर्षानुवर्षं जिंकलेला. तो पैलवानांच्या घरी, पेंडीच्या खोलीत कुलपात असायचा. यात्रा तोंडावर आली होती आणि संशय अर्थातच शेजारच्या गावावर.

"उचला त्यांची दोन पोरं. फटके पडले की पोपटावानी बोलतील."

"फटक्यांनी कबुली मिळते पैलवान, दोर मिळत नाही. तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी अर्ज पुढं सरकवला. मी तो घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदारांना घेऊन जागा पाहायला निघालो. कुलूप शाबूत, कडी शाबूत, पेंडीची पोती जागच्या जागी. अशा चोरीत बाहेर फिरण्यात अर्थ नसतो. किल्ली कुणाकडे असते ते बघायचं आणि चहा येईपर्यंत बसून राहायचं.

पण त्याआधीच खबर आली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं हवालदारांना बाजूला घेतलं. "पैलवानाच्या घरच्यांनी माझ्याकडून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब नेली. वर म्हनल्या, कुनाला सांगू नको." तेवढंच म्हटलं नसतं तर त्याच्या ती ट्यूब लक्षातही राहिली नसती. आपल्याकडे "सांगू नको" म्हणजे दवंडीच.

पैलवानांच्या पत्नीला सारं गाव अक्का म्हणायचं. त्यांनी चहा आणला. माझा एक ठोकताळा आहे. ज्या घरात चोरी होते ते घर पोलिसाला प्रश्न विचारून भंडावून सोडतं: कोण असेल, माग लागला का, माल मिळेल का. अक्कांनी एकही प्रश्न विचारला नाही. शिवाय कप पुढं करताना त्यांचा तळवा दिसला. नव्या गाठी आवळल्यावर सोलवटतो तसा सोललेला.

पैलवान गोठ्याकडे गेलेले बघून मी म्हणालो, "अक्का, चहा फक्कड झालाय. दोर कुठं बांधलाय?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "तळ्याला," म्हणाल्या. "आन् सोडायचा न्हाई. आधीच सांगून ठिवते."

मग सगळं बाहेर आलं. डाळिंबाच्या बागेला पाणी पुरावं म्हणून त्यांनी शेततळं खोदलं होतं. पैलवान रोज दुपारी त्यात पोहायचे; तळं काठोकाठ भरलेलं असलं की काठ हाताला लागायचा. उन्हाळ्यात त्यांचा कुत्रा त्या तळ्यात पडला. तो पोहत राहिला, काठाला आला की घसरायचा, परत पोहायचा. शेवटी अक्कांनी बाज आत सोडून त्याला वर घेतलं.

"कुत्र्याला कुनी पवायला शिकवलं हुतं, साहेब? पोटातनंच शिकून येतंय. तरी त्याला भाईर येता येईना. तवापास्नं माझ्या जिवाला घोर हाय. ह्यास्नी म्हनलं, काठाला दोर बांधू. तर म्हनतात, मी काय कुत्रा हाय का? विहिरीत पवायला शिकलेला गडी हाय मी."

इथंच तर आपली माणसं फसतात. विहिरीत शिकलेल्याला वाटतं, पाणी ते पाणीच. पण विहिरीला पायऱ्या असतात, दगडांच्या खाचा असतात, पाइप असतो. शेततळ्याला असतो नुसता प्लास्टिकचा कागद, उतरता आणि वर शेवाळ धरलेला. तिथं हाताला काही लागत नाही. अशा तळ्यांवर मी पंचनामे केले आहेत. बुडालेल्यांत पट्टीचे पोहणारेही होते. अक्का बोलत होत्या आणि ते चेहरे माझ्या डोळ्यांपुढं येत होते.

आम्ही तळ्यावर गेलो. पैलवानही मागून आले. दोराचं एक टोक कुंपणाच्या बाहेर, जमिनीत खोल गाडलेल्या लोखंडी खांबाला बांधलं होतं. हात धरायला ठिकठिकाणी गाठी मारल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला हवा भरलेली ट्यूब होती. वरून कडबा टाकून सगळं झाकलेलं. पैलवानांनी कडबा उचलला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"संघाचा दोर? पान्यात? थांबा साहेब, दावतोच तुमास्नी दोर कशाला लागतुया ते."

आम्ही हो-नाही म्हणेपर्यंत सदरा काढून गड्यानं उडी मारली होती. झोकात पोहत पलीकडे गेले, तसेच परत आले. आमच्याकडे बघून हसले आणि काठावर चढायला लागले. पण पाणी उतरलेलं, काठ हाताच्या वर; पाय घसरला. पुन्हा हसले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले, या वेळी तोंडात पाणी गेलं. त्यापुढं मात्र ते हसले नाहीत. बोटं कागदावर नुसती सरकत होती.

हवालदारांनी बूट काढायला घेतले. अक्कांनी त्यांचा दंड धरला. "तुमी उतरू नका. मग दोघांस्नी काढावं लागंल." आणि ट्यूब उचलून नेमकी नवऱ्यापुढं टाकली.

"नको," पैलवान पाण्यातून म्हणाले. दम लागला होता, तरी ताठा बघा.

"धरताय का साहेबांस्नी पंचनामा लिवायला सांगू?"

धरली. आधी ट्यूबवर छाती टाकून त्यांना श्वास घेऊ दिला. अक्कांनी आम्हाला काठापासून मागं सरून, टाचा रोवून बसायला लावलं. उभ्यानं ओढणारा स्वतःच आत जातो. मग एक गाठ, दुसरी गाठ करत पैलवान वर आले. कप्तानाच्या विरुद्ध बाजूला मी, हवालदार आणि अक्का. जन्मात पहिल्यांदा ते रस्सीखेच हरले, आणि त्या हरण्याचा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

अक्कांनी पदरानं त्यांचं डोकं पुसलं आणि पुसता पुसता अशा शिव्या घातल्या, की हवालदार दुसरीकडे बघायला लागले. नंतर पैलवान मला म्हणाले, "साहेब, अर्ज मागं घेतो."

"कारण लिहावं लागेल. दोर सापडला, असं लिहू?"

त्यांनी सदरा अंगात घातला. "मी सापडलो, आसं लिवा."

संघानं यात्रेसाठी नवा दोर घेतला. जुना तिथंच राहिला, आणि पैलवान स्वतः शिवारातल्या तळ्यातळ्यावर जाऊन लोकांना दोर बांधायला लावू लागले. ऐकलं नाही की आवाज चढवायचे.

निघताना मी अक्कांना विचारलं होतं, "चोरून कशाला नेलात? मागून घ्यायचा."

"मागितला आस्ता तर न्हाई म्हनले आस्ते. मग बांधताच आला नसता. न इचारता बांधला तर निस्तं भांडन हुतंय. भांडन काय, आमचं रोजचंच हाय."

सगळी नोकरी मी आधी परवानगी आणि मग कारवाई या शिस्तीत काढली. ती शिस्त कचेरीत ठीक आहे. पण जीव वाचवायच्या गोष्टीला घरातल्या माणसाच्या होकाराची वाट बघू नये, हे मला अक्कांनी शिकवलं. पुणतांब्याला माझ्या धाकट्या भावाचं शेततळं आहे. "आम्हाला पोहता येतं" म्हणून तोही दोर टाळत होता. एकदा तो बाजाराला गेलेला बघून मी खांब गाडला, दोर बांधला, ट्यूब लावली. परत आल्यावर त्यानं मला नाही नाही ते ऐकवलं. पुढच्या उन्हाळ्यात मोटरचा पाइप नीट करताना तो पाय घसरून आत गेला आणि त्याच दोरानं बाहेर आला. हे मला त्यानं नाही, त्याच्या बायकोनं सांगितलं. न विचारता माझ्या तळ्याला हात का लावलास, म्हणून तो अजूनही माझ्यावर रागावलेला आहे. रागावू दे. रागवायला तो आहे.