दुकान बंद असतानाचं रक्त

बाजारात तिला सगळे ‘सटासट’ म्हणत. गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत ओंडक्यावर कोंबडीचे तुकडे होऊन पिशवीत पडलेले असत. नवरा गल्ल्यावर बसे. दिवसभर ‘या ताई’, ‘काका, तंगडी देऊ का’ असं गोड चाले, आणि शटर खाली आलं की जीभ आणि हात दोन्ही सुटत. तिच्या डोळ्याखालचं निळं कुणी विचारलं तर ती म्हणे, “मोरीत पडले.”

“तुझी मोरी फारच निसरडी गं बाई,” शेजारची मासेवाली म्हणायची.

एकदा कुणाला तरी एक तुकडा जास्त गेला, म्हणून नवऱ्याने तिच्या ओटीपोटात लाथ घातली. आठवड्याभरात तिला रक्त जाऊ लागलं. पाळी तर केव्हाच बंद झाली होती. लाथेनेच आत काहीतरी फाटलं, असं दोघांनीही गृहीत धरलं. डॉक्टरकडे जाते म्हणाली, तेव्हा त्याने तिचं डोकं फ्रीजरच्या झाकणावर आपटलं.

“तिथे जाऊन काय सांगशील? मला तुरुंगात घालायचंय?”

ती पुन्हा ओंडक्यापाशी उभी राहिली. तिचे कपडे नेहमीच रक्ताने भरलेले. कुणाला काय कळणार?

कळलं ते लेकीला. सुट्टीच्या दिवशी ती माहेरी आली. आई भांडी घासायला उठली आणि लेक खुर्चीकडे बघत राहिली.

“आई, आज दुकान बंद आहे ना? मग हे कसलं रक्त?”

लेकीने तिला तशीच रिक्षात घातली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बारीक नळी आत घालून गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी ओढून घेतल्या. आतून कुणीतरी चिमट्याने सोलतंय असं झालं. तिने लेकीच्या मनगटात नखं रुतवली, पण ओरडली नाही. घरी ओरडलं की जास्त बसायचे.

निकालाला नवरा सोबत आला. काळजीने नव्हे, ती काय बोलते त्यावर लक्ष ठेवायला.

“पेशी संशयास्पद दिसल्या, पण नुसतं बघून खात्री होईना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणून त्याच नमुन्यातली जनुकं तपासली. त्यात कॅन्सरचे बदल सापडले. अजून बाहेर पसरलेला दिसत नाही. गर्भाशय काढून टाकू, पण उशीर नको.”

नवऱ्याने घसा साफ केला. “हे… मार लागून होतं का हो?”

“नाही. मारल्याने कॅन्सर होत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “का? कुणी मारलं?”

“छे हो. मोरीत पडली होती.”

दुकानात परतल्यावर तो शीळ घालत गल्ल्यावर बसला. “बघितलंस? मी काही केलेलं नाही. इतके दिवस तोंड पाडून मला गुन्हेगार ठरवलंस!”

“सोमवारी दाखल व्हायचंय,” ती सुरा पुसत म्हणाली.

“सोमवारी? आणि कोंबड्या कोण कापणार, तुझा बाप? सीझन जाऊ दे. तो कॅन्सर काय पळून जातोय?”

“मी सोमवारी जाणार.”

तो उठला. शटर अर्धं ओढलं. “फार चढलीयेस तू,” म्हणत त्याने तिला खाली ढकललं आणि पाय उचलला. त्याच ठिकाणी, पोटावर.

सुरा अजून तिच्या हातात होता. तिने तो उलटा केला आणि बोथट, जाड बाजूने सगळ्या ताकदीनिशी त्याच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिच्या कानांना रोजचा होता. हा फक्त जरा जाड होता. तो कोसळला, ओंडक्याची कड लागून ओठ फाटला. पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकदम फडफडल्या.

“या पायाने आता मला शिवून दाखव,” ती म्हणाली. मग सुरा धुऊन जागच्या जागी टांगला आणि लेकीला फोन केला.

सोमवारी दोघं एकाच इस्पितळात होती. तळमजल्यावर त्याच्या पायाचं प्लास्टर बघत हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, “हे एवढं कशाने झालं?”

त्याने दाराकडे बघितलं. दाखल व्हायची पिशवी खांद्याला लावून ती उभी होती, शेजारी लेक.

“मोरीत पडलो,” तो म्हणाला.

तिने पिशवी सावरली आणि लेकीबरोबर जिना चढून आपल्या वॉर्डात गेली.