नवसाच्या गाण्याचा शेवटचा चरण

लिहायला बसलं की हात दुखतो. उभा जन्म या हाताने जांभ्याचे चिरे काढले, त्याला आता टाक धरवत नाही. शाळेत मी बिगरीत दोन वर्षं बसलो आणि पहिलीत एक पावसाळा. तेवढ्या भांडवलावर मी गाणी रचली, आणि ती गावोगाव नाचली गेली. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो. पण आज मला एकाच गाण्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातल्याही शेवटच्या दोन ओळींबद्दल. त्या दोन ओळी माझ्या नाहीत, हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमच्याकडे गौरी-गणपतीत नाच होतो. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात, भोवती पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात. या नाचाचे दोन पक्ष. शक्तीवाले म्हणतात जग आईने घडवलं, तुरेवाले म्हणतात शिवाने. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. मी तुरेवाला. मिसरूड फुटायच्या आधी गुरूंनी माझ्या मनगटाला दोरा बांधला, आपली हाताने लिहिलेली वही माझ्या हातात दिली आणि वदवून घेतलं की या तोंडातून शक्तीची थोरवी निघणार नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या चरणात गुरूचा उल्लेख आणि शिवाचा मोठेपणा आलाच पाहिजे. मी तो शब्द पाळला. एवढ्या एका गोष्टीचा मला फार गर्व होता.

आणि बायको मिळाली ती शक्तीवाल्याच्या घरची. पूर्णगडच्या खाडीपलीकडचं माहेर, बाप शक्तीवाल्यांचा ढोलकीवाला. एका नाचात मी त्याच्या शाहिराला तीन सवालांत गप्प केलं, तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात उभी राहून हसली होती. बापाच्या पक्षाची हार झाली तरी हसणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघितली. लग्नानंतर एकदा विचारलं, तर म्हणाली, "हरल्यावर माझ्या बापाचं तोंड बघितलंत ना? कच्ची कैरी चावल्यासारखं. हसू नको तर काय करू?"

तिचा आवाज गोड होता, पण ती माझ्यासमोर कधी गायली नाही. नाचाच्या दिवसांत माझ्या पायातले चाळ चिंचेने घासून लखलखीत करायची, फेटा धुऊन दगडावर वाळत घालायची. फेटा हातात देताना म्हणायची, "जा, आमच्या आईला शिव्या घालून या." मी म्हणायचो, "शिव्या नव्हेत गे, सवाल." ती म्हणायची, "आईला सवाल करणं म्हणजे दुसरं काय?" तेव्हा आम्ही दोघंही हसायचो.

सव्वीस-सत्तावीस साल असेल. शिमगा होऊन गेला होता, मी कातळावर खाणीत होतो. घरी आलो तर तीन वर्षांची लेक तापाने फणफणलेली. दोन दिवसांनी अंगभर फोड आले. घरात देवी आल्या. मग सगळं घर बदललं. फोडणी बंद, मासळी बंद, दाराला कडुलिंबाचे डहाळे. बायको मुलीच्या उशाशी बसून राहायची आणि पाल्याने वारा घालायची. सातव्या दिवशी मुलगी पाणीही घेईना. तेव्हा बायको उठली, देवळात गेली आणि तिने गुरवाला कौल लावायला सांगितलं. आमच्याकडे देवीच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर देवीने ऐकलं. गुरवाने विचारलं, "नवस काय बोलतेस? कोंबडा? नारळ?"

ती देवीकडे बघून म्हणाली, "माझी पोर जगली तर माझा घरवाला तुझ्या अंगणात येऊन तुझं गाणं म्हणंल. तुझ्या मोठेपणाचं. भर दिवसा, चार माणसांत."

उजवी पाकळी पडली. हे मला गुरवाने सांगितलं. तिने घरी येऊन नुसतं एवढंच म्हटलं, "मी तुमच्या नावाने बोलून आल्ये."

मी कडाडलो. "कोंबडा बोलायचा होतास. बकरा बोलायचा होतास. माझं तोंड कसं काय बोलून आलीस?"

ती मुलीला वारा घालत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्याकडे दुसरं मोठं काय हाय?"



मुलगी जगली. तोंडावर वण राहिले आणि डावा डोळा गेला. पांढरं बुबुळ घेऊन ती अंगणात पुन्हा चालायला लागली तेव्हा बायको रडली ती आनंदाने, आणि मी आतल्या आत संतापलो. मी मनाशी हिशोब मांडला: देवीने पोर पुरी परत दिली नाही, मग मी गाणं पुरं का द्यावं?

गौरी आल्या. देवळाच्या अंगणात दुपारी नाच लागला. मी उभा राहिलो आणि शक्तीचं गाणं धरलं. माझ्या पक्षाचे गडी थिजले. शक्तीवाल्यांतून एकजण ओरडला, "बुवा, आज आईचा पदर धरलात वाटतं! दोरा तुटला काय?" लोक खदखदले. मी म्हणत राहिलो:

तूच वारा, तूच पाणी, तूच कातळाची माती,
तुझ्या पदराखाली माये, आमची तान्ही झोपती.

बायको तुळशीपाशी उभी होती, काखेत मुलगी. तिचं तोंड मी बघितलं. तसं ते मी लग्नातही बघितलं नव्हतं. मग मी शेवटचा चरण घेतला:

गुरू माझा सांगे खूण, कोण नाचे, कोण नाचवी?
शक्ती बाहुली नाचते, शिव दोर हालवी.

माझ्या गड्यांनी आरोळी ठोकली. मला खांद्यावर घेतलं. दोरा राखला, नवसही फेडला, असा शाहीर पुन्हा होणे नाही, असं म्हणत फिरवलं. खाली उतरून बघितलं तर तुळशीपाशी कुणी नव्हतं.

घरी आलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "देवीला फसवलंत ते तुमचं तुम्ही बघा. मला कशाला फसवलंत?"

मी म्हटलं, "तिने अर्धं दिलं, मी अर्धं दिलं."

त्यावर ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण तिच्यापाशी बोलायला होतं. आदल्या वर्षी सरकारचा देवी टोचणारा माणूस वाडीत आला होता. तेव्हा मीच मुलीला कडेवर घेऊन खाणीत लपलो होतो. तुऱ्याच्या घराला सुई लागत नाही, असं मी चारचौघांत बोललो होतो. तो डोळा कुणी घेतला हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण तिने ते वाक्य दहा वर्षांत एकदाही उच्चारलं नाही आणि मी दहा वर्षं त्या डोळ्यासाठी देवीकडे बोट दाखवत राहिलो.

त्यानंतर ती माझ्या नाचाला आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. भाकरी वेळेवर, पेज वेळेवर. फक्त चाळ घासायचं सोडलं. ते काळे पडले. दरवर्षी गौरी आल्या की एकदाच म्हणायची, "यंदा सरळ म्हणता काय?" मी म्हणायचो, "बघू." माझं नाव वाढत गेलं. दापोलीपर्यंत माझे सवाल गेले. शिव मोठा की शक्ती, हे मी उन्हापावसात ओरडून सांगितलं. कळलं होतं म्हणून नव्हे, माझा आवाज मोठा होता म्हणून.

छत्तीसच्या सुमारास, भात लावणीत, ती भिजली आणि तापाने पडली. पाचव्या दिवशी मला जवळ बोलावून तिने मुलीकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिच्या नवसाचं तेवढं राहिलं हो." मी या खेपेलाही "बघू" म्हटलं. जिभेला तेवढीच सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

घर सुनं झालं. मुलगी तेरा वर्षांची, तिने चूल हातात घेतली. श्रावणातल्या एका सकाळी मी पडवीत बसलो होतो आणि ती आत जात्यावर बसली होती. जात्याबरोबर गाणं येऊ लागलं. तूच वारा, तूच पाणी. माझंच गाणं. मी कान टवकारले. आता बाहुली येणार, दोर येणार. पण तिने म्हटलं:

एक डोळा घेतलास, घे गे माये, राग नाही,
त्या डोळ्याच्या जागी आता तूच बसून पाही.

मी आत गेलो. "हे कुठलं गे?"

ती घाबरली. जातं थांबलं. "आये म्हणायची. रोज दळताना. शेवट तुम्ही चुकलात, असं सांगायची."

"चुकलो?"

"व्हय. म्हणायची, बाबा मोठे शाहीर, पण शेवटाला घाई करतात."

मी तिथेच पिठाजवळ बसलो. दोन ओळी. त्यात सवाल नव्हता, जवाब नव्हता, गुरूचा उल्लेखही नव्हता. जिचा सगळ्यात जास्त तोटा झाला तिने रागाचा हक्क सोडून दिला होता, आणि मुलीच्या फुटक्या डोळ्यात देवीला राहायला जागा दिली होती. असा चरण मला उभ्या जन्मात साधला नाही. देव आहे की नाही, कसा आहे, हे मी आज सांगू शकत नाही. पण त्या बाईने तो कुठे बसवला ते मी ऐकलं.

त्या वर्षी गौरीत घरच्या दुखवट्यामुळे मी नाच घेतला नव्हता. पण गौरीच्या दुपारी मी मुलीला घेऊन देवळात गेलो. अंगण दोन्ही पक्षांनी भरलेलं होतं. ढोलकी नाही, झांज नाही, मी नुसता उभा राहिलो आणि गाणं धरलं. माझे गडी हसत होते, त्यांना माझा शेवट पाठ होता. मी तिचा शेवट म्हटला.

कुणी आरोळी दिली नाही. शक्तीवाल्यांनीही टाळी वाजवली नाही. माझा ढोलकीवाला जवळ आला, वीस वर्षांपासूनचा सोबती. म्हणाला, "बुवा, वही आणून द्या. गुरूंची हाय ती." मी म्हटलं, "उद्या नको, आताच चल." मनगटाचा दोरा मी वाटेतच दातांनी तोडला. वही दिली. त्यानंतर मी कुणाच्या फेरात बसलो नाही आणि मला कुणी बोलावलं नाही.

देवळातून निघताना मुलगी माझ्या डाव्या अंगाला चालत होती. त्या बाजूने तिच्या उजव्या डोळ्याला मी दिसायचो. म्हणाली, "बाबा, आवाज फाटला तुमचा शेवटाला."

मी म्हटलं, "फाटला खरा."

"पण घाई नाय केलीत," ती म्हणाली.