उल्हासची जागा

वेणीमाधव गुरुजी चाळीस वर्षं उत्तरेत, रामघाटच्या गल्लीत वेद शिकवतात. चुकलेला स्वर ते दोन खोल्या पलीकडून ओळखतात. घरातल्या माणसाच्या मनातलं मात्र समोर बसूनही ओळखत नाहीत, असं त्यांची बायको नीरजाकाकू म्हणते.

त्यांना दोन मुलगे. सुश्रुत आणि दोन वर्षांनी धाकटा उल्हास. दोघं रोज सकाळी गच्चीवर समोरासमोर बसून पाठ म्हणत. एक तुकडा सुश्रुतचा, पुढचा उल्हासचा, मग पुन्हा सुश्रुतचा. तो लांबलचक पाठ एकट्याच्या दमाचं काम नाही.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात डेंग्यूनं सुश्रुत गेला. तेवीस वर्षांचा होता.

सुतकात पाठ बंद असतो. तेरावा झाला आणि चौदाव्या सकाळी उल्हास आसन घालून वडिलांसमोर बसला. रीत अशी, की पहिला शब्द गुरूनं द्यायचा. शिष्य आपण होऊन सुरू करत नाही. पण पहिला तुकडा सुश्रुतचा. गुरुजींच्या तोंडून तो निघेना. "आज नको," म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी उल्हासनं आसन घातलं नाही.

गुरुजींना वाटलं, पोरानं पाठ सोडला. उल्हासला वाटलं, दादाशिवाय मी ह्यांना नकोच आहे. विचारलं कुणीच नाही.

मग बोलणं काकूंमार्फत चालू झालं.

"आई, तात्यांना सांग, गॅस बुक केला."

"त्याला म्हणावं, कळलं."

तिघंही एकाच कमऱ्यात. "मी काय डाकखाना आहे का?" काकू कावायच्या.

फाल्गुनात उल्हास पुण्याला गेला, औषधांच्या गोदामात नोकरीला. फोन आईलाच करायचा. तेव्हा गुरुजी नेमके पंचांग घेऊन शेजारी बसायचे. पान काही उलटायचं नाही.

यंदा नवरात्रात तो आईला म्हणाला, "इथं पक्की नोकरी झाली. माझं आसन एखाद्या विद्यार्थ्याला देऊन टाक आता."

काकूंनी फोन ठेवला. शेजारी बसलेल्या गुरुजींनी पंचांग मिटलं. दुसऱ्या सकाळी ते काकूंचा मोबाइल घेऊन गच्चीवर बसले, व्हॉट्सॲपचं बटण दाबून धरलं आणि पहिला तुकडा म्हटला. सुश्रुतचा. मग गप्प. मग तिसरा तुकडा. पुन्हा तेवढाच वेळ गप्प. मग बटण सोडलं, निरोप गेला.

"अहो, मधेच काय थांबता? दम लागला का? पुसून परत म्हणा न."

"पुसू नकोस. ती त्याची जागा आहे."

"हे त्याला कसं समजणार? सीधं सांगा न, ये म्हणून."

"कळेल त्याला."

"तीन साल हेच ऐकतेय. कळेल, कळेल."

दोन दिवस उत्तर नाही. गुरुजी शिकवता शिकवता मोबाइल उलटा ठेवायचे, सुलटा करायचे. तिसऱ्या दिवशी उल्हासचा आवाज आला. मागं गाड्यांचे हॉर्न. त्यानं फक्त आपले तुकडे म्हटले होते, दादाच्या जागा मोकळ्या ठेवून. गुरुजी त्या जागा भरत गेले. चौथ्या तुकड्यात तो अडखळला. तिथंच तो नेहमी अडखळायचा आणि सुश्रुत बोट वर करून स्वर दाखवायचा. पाठ तिथंच थांबला. मग, "तात्या, मी आसन घालायचो आणि तुम्ही उठून जायचात."

गुरुजींनी बटण दाबलं.

"पहिला शब्द सुश्रुतचा होता रे. मला तो म्हणवेना. तुझ्यावर राग नव्हता."

काकूंनी कोपरानं ढोसलं.

"ये," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी उत्तर आलं, दोन ओळींचं. "दिवाळीचं तिकीट काढलंय. वेटिंग एकशे बारा."

तेव्हापासून गुरुजींनी वेटिंग म्हणजे काय ते नीट समजून घेतलंय. उल्हासचं आसन त्यांनी पेटीतून काढून उन्हात टाकलं. रोज सकाळचा पाठ झाला की ते गच्चीवरून खाली हाक मारतात,

"अगं, आज किती?"

"एकोणनव्वद."

"म्हणजे सरकतंय."

"सरकतंय," काकू म्हणतात. "तुम्ही चहाला खाली या."