वसुधाबाईंनी मागे घेतलेला अहवाल

वसुधाबाई प्रधान यांची आणि माझी ओळख उरणजवळच्या आमच्या शाळेत झाली. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. मुंबईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाई लाँचने आल्या आणि शाळेच्या पर्जन्यमापकाची वही त्यांनी मागितली. पाने चाळून तीन रिकाम्या नोंदींवर बोट ठेवत मला म्हणाल्या, "मास्तर, तिन्ही रविवारी पाऊस नव्हता, की तुम्ही नव्हतात?" त्यानंतर माझा एकही रविवार चुकला नाही.

हवेतले कण टिपायला तेल लावलेल्या काचा छपरावर कशा ठेवायच्या, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. काचेवर मिठाचे कण बसत. वारा मुंबईकडून आला की काजळीही बसे. "वरची हवा आजचं सांगते, खालचा चिखल मागचं," असे त्या मुलांना सांगत.

पुढे गावाने शाळेच्या नव्या इमारतीसाठी खाडीजवळ जागा देऊ केली. पायाखालची जमीन तपासायला बाईंनी दोन खड्डे घेतले. मुरूम लागला, म्हणजे खाली खडक असणार, असा अहवाल त्यांनी दिला. पायाचे चर खणून झाले. त्याच सुमारास शेजारची विहीर खोल करत होते. मासे विकणाऱ्या हिराबाई तिथूनच ओंजळभर शिंपले घेऊन आल्या.

"बाई, तुमी म्हनता खाली दगड हाय. मंग ही कालवां कशी निंगाली?"

बाई पदर खोचून स्वतः विहिरीत उतरल्या. मुरुमाखाली काळा चिखल होता, त्यात तिवरांची मुळे आणि दोन्ही शिंपा मिटलेली कालवे. वर येऊन म्हणाल्या, "ही इथेच वाढलेली आहेत. पूर्वी इथे खाडी होती. मुरूम नंतर डोंगरावरून वाहून आला. या चिखलावर पाया टिकणार नाही. माझा अहवाल चुकला."

त्या वेळचे माझे बोलणे मला आजही शरमवते. मी म्हणालो, "बाई, जागा बदलली तर शाळा लांबेल. हे कोणाला कळणार आहे?"

"मास्तर, आत मुलं बसणार आहेत."

गावच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. पाटील संतापले होते. "आमी तुमच्या शब्दावर जागा दिली!" बाईंनी ऐकून घेतले. "चूक माझी आहे. दुसरी जागा मी शोधून देते," एवढेच त्या म्हणाल्या. कॉलेजातही त्यांचे हसे झाले. ज्येष्ठ सहकारी म्हणाले की कोळणीने यांना भूगर्भशास्त्र शिकवले. नव्या अहवालात बाईंनी हिराबाईंचे नाव लिहिले, तेही पहिल्याच परिच्छेदात.

दर शनिवारी त्या येत आणि आम्ही डोंगराच्या बाजूने हिंडत असू. शेवटी खडक उघडा पडलेली जागा सापडली. शाळा दीड वर्ष उशिरा उघडली. त्या सोडलेल्या जागेवर मात्र एका व्यापाऱ्याने वखार बांधली आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिची भिंत खचली. मी मोठ्या उत्साहाने बाईंना ते कळवायला गेलो. त्यांनी एकच विचारले, "कोणाला लागलं नाही ना?"

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण येत्या हिवाळ्यात त्यांना पनवेलच्या बाजूला नवे खड्डे घ्यायचे आहेत. ते त्यांच्या देखरेखीखाली घेतले जावोत, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, आणि आमचे कुठे चुकते ते तोंडावर सांगायला त्या निरोगी राहून आमच्यात पुष्कळ वर्षे असाव्यात, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे आहे.